शिरावरचे मोल : दामोदर हरी चापेकर

चिंचवडच्या चापेकर चौकात सकाळी साडेसहाच्या सुमारास उभे राहिले की आपली उद्योगनगरी कशी जागी होते ते दिसते. भोसरीकडे, चाकणकडे जाणाऱ्या कारखान्यांच्या बसगाड्या एकामागून एक येतात, हातात जेवणाचा डबा घेतलेली माणसे घाईघाईने चढतात आणि चौक क्षणभर रिकामा होऊन पुन्हा भरतो. त्या घाईत चौकातल्या पुतळ्यांकडे मान वर करून पाहायला कोणाला सवड नसते. मलाही नव्हती. दोन वर्षे याच चौकातून मी महाविद्यालयात ये-जा केली. परंतु चापेकर बंधू किती, त्यांनी नेमके काय केले आणि त्यांना पकडून कोणी दिले, असे कोणी विचारले असते तर मला धड उत्तर देता आले नसते. ही कबुली प्रथमच दिलेली बरी.

उत्तर शोधायला निमित्त झाले ते एका परदेशी मालिकेचे. अमेरिकेत आरोपीच्या जामिनाची रक्कम भरणाऱ्या खाजगी पेढ्या असतात. आरोपी ठरल्या तारखेला न्यायालयात आला नाही तर पेढीचे पैसे बुडतात. म्हणून त्याला हुडकून आणणाऱ्या माणसाला पेढी त्या रकमेतला काही हिस्सा देऊ करते. माणूस शोधून देणे हा तेथे रीतसर धंदा आहे. डुएन चॅपमन नावाच्या अशाच एका शिकाऱ्याची मालिका २००४ ते २०१२ या काळात तिकडच्या दूरचित्रवाणीवर चालली. हवाई बेटांवर राहणारा, लांब पिवळे केस आणि काळा चष्मा असलेला हा गृहस्थ बायकामुलांचा ताफा घेऊन फरारी माणसांची दारे ठोठावतो, त्यांना बेड्या घालतो आणि मग गाडीत बसवून चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगतो. हा शिकारी तरुणपणी स्वतःच टेक्सासच्या तुरुंगात राहून आलेला. लक्षावधी लोकांनी ही मालिका चवीने पाहिली. मीही तिचे काही भाग पाहिले आणि मनात प्रश्न आला, की आपल्या मुलखात माणसाच्या शिरावर मोल लावून अशी शिकार कधी झाली का?

झाली होती, आणि तिची खूण आपल्या चौकाच्या नावातच आहे.

इनाम लावून माणूस पकडण्याची युक्ती इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात पेशवाई गेल्यापासूनच वापरली. पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईकाने बंड मांडले तेव्हा त्याच्या शिरावरचे इनाम चढत चढत दहा हजार रुपयांपर्यंत गेले. शेवटी माहितीतल्याच माणसांच्या फितुरीने तो भोरजवळच्या उत्रोळीत डिसेंबर १८३१ मध्ये सापडला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेला. पुढे १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर सरकारने बक्षीस जाहीर केले. तेव्हा फडक्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नराच्याच शिरावर बक्षीस लावून जाहीरनामा काढला. मेजर डॅनियल हा अधिकारी त्यांच्या मागावर होता. जुलै महिन्यात विजापूरच्या बाजूला एका देवळात थकून झोपलेले फडके त्याच्या हाती लागले. त्यांचा शेवट १८८३ साली एडनच्या तुरुंगात झाला. या दोन्ही शिकारी डोंगरदऱ्यांतल्या होत्या. तिसरी शिकार मात्र पुण्याच्या पेठांतली, ओळखीपाळखीच्या घरांमधली होती. तिचे सावज होते चिंचवडचे दामोदर हरी चापेकर.

दामोदरपंतांचा जन्म १८६९ सालचा. चापेकरांचे मूळ घराणे कोकणातले. परंतु काही पिढ्यांपूर्वी ते मोरया गोसावींच्या चिंचवडात येऊन राहिले होते. त्या वेळचे चिंचवड म्हणजे पवनेच्या काठचे एक देवस्थानाचे गाव. पुण्याकडे जाणारी आगगाडी जवळून जाऊ लागली होती, तेवढाच काय तो नव्या काळाचा आवाज. आजोबा विनायकराव यांच्या वेळी घरात पैसाअडका, माणसेकाणसे भरपूर होती. पण व्यापारधंद्यात खोट येत गेली आणि एकेक करून घरातील वैभव ओसरले. वडील हरिपंत यांनी पोटासाठी कीर्तनाचा मार्ग धरला. हरिदासाने दक्षिणा घेऊन गावोगाव फिरावे हे काही नातलगांना कमीपणाचे वाटले. हरिपंतांनी ते मनावर घेतले नाही. साथीला वादक ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी मुलांनाच वाद्ये शिकवली. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ वडिलांमागे उभे राहून साथ करीत गावोगाव हिंडले.

या भटकंतीत दामोदराचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. परंतु रात्री रात्री रामायण-महाभारताची आख्याने कानांवर पडत होती, शिवाजी महाराजांचे पराक्रम ऐकू येत होते आणि दिवसा डोळ्यांपुढे होते एक पारतंत्र्यात पडलेले, दरिद्री झालेले राष्ट्र. मुलाच्या मनात शस्त्राची ओढ उत्पन्न झाली. सैन्यात भरती व्हावे म्हणून त्याने खटपट केली. ती फळाला आली नाही. मग पुण्यात तरुण मुले जमवून त्याने व्यायाम आणि शस्त्रविद्या यांसाठी एक मंडळ चालवले. धर्माच्या वाटेतील अडथळे दूर करणे हा त्या मंडळाचा उद्देश म्हणून सांगितला जाई.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, कारण गौरवाच्या भरात ती बहुधा गाळली जाते. दामोदरपंतांनी पुढे तुरुंगात आपली हकीगत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. सरकारी दप्तरात ती बरीच वर्षे पडून होती आणि स्वातंत्र्यानंतर प्रकाशात आली. ती वाचताना त्यांचा निधडेपणा जसा दिसतो तसाच त्यांचा कडवेपणाही दिसतो. इंग्रजांइतकाच त्यांचा राग समाजसुधारकांवर होता. जुने आचार मोडणारा माणूस त्यांना शत्रूच वाटे, आणि अशा माणसांना मारझोड करण्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. ज्या पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, ज्या पुण्यात आगरकरांनी बुद्धिवादाची लेखणी चालवली, त्याच पुण्यातला हा तरुण होता. आपण आज ज्या वर्गात मुले-मुली शेजारी बसून शिकतो तो वर्ग दामोदरपंतांना मानवला असता असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे हात जोडताना हेही ठाऊक असावे.

१८९६ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुंबईत एक साहस केले. कोट भागात राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. एके रात्री त्याच्या तोंडाला डांबर फासले गेले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. मुंबईत एकच खळबळ उडाली, पण करणारा सापडला नाही. त्याच सुमारास शहरात गाठीच्या तापाचे रोगी आढळू लागले होते. पुढच्या काही महिन्यांत प्लेगने पुणे गाठले.

या साथीचे आणि तिच्या बंदोबस्ताचे वर्णन करताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. रोग भयंकर होता. गाठ आलेला माणूस चार-सहा दिवसांत जाई. उपाय करणे सरकारला भागच होते. डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. पण ती सर्वांना मिळेल अशी स्थिती नव्हती. उंदरांवरच्या पिसवांतून हा रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले ते १८९८ साली. तोपर्यंत रोगी वेगळा काढा, घर धुऊन काढा, कपडालत्ता जाळा, जमीन खणा, एवढेच काय ते सुचत होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारला त्याने जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. गंमत अशी, की २०२० साली करोनाच्या वेळी आपणा सर्वांना घरात बसवले गेले तेव्हा याही कायद्याचा आधार घेतला गेला. आपल्या पिढीला म्हणूनच १८९७ चे पुणे थोडेतरी कल्पिता येईल.

पण करोनात आपल्या देवघरात गोरा शिपाई बूट घालून शिरला नव्हता. पुण्यात मार्चपासून ते घडले. सातारा जिल्ह्यात काम केलेला वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी प्लेग समितीचा प्रमुख होता. घरोघरच्या झडतीसाठी त्याने लष्कर आणले. गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात जात, बायामाणसांना उघड्यावर उभे करून गाठी तपासल्या जात, सामान रस्त्यावर फेकले जाई, आणि रोगी नसलेली माणसेही छावणीत नेली जात, अशा तक्रारी पेठापेठांतून होत होत्या. अर्ज झाले, वृत्तपत्रांनी लिहिले. त्या वेळी इंग्लंडात असलेल्या गोखल्यांनी तेथील वृत्तपत्रांत या अत्याचारांची वाच्यता केली. परंतु परत आल्यावर पुरावा देता येईना, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला होता ती कुटुंबे अब्रूच्या भयाने पुढे येत नव्हती. सभ्य मार्गाने दाद मागणाऱ्याची ही गत झाली. दामोदरपंतांचा सभ्य मार्गांवर आधीच विश्वास नव्हता.

२२ जून १८९७ हा दिवस राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा. गणेशखिंडीतल्या गव्हर्नराच्या बंगल्यावर, म्हणजे आज जेथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तेथे, मेजवानी होती. रोषणाई झाली, दारूकाम झाले. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या घोडागाड्या परतू लागल्या. गणेशखिंडीच्या रस्त्यावर अंधारात दामोदर आणि बाळकृष्ण टपून बसले होते. रँडची गाडी ओळखू येताच दामोदरपंतांनी ठरलेली हाक दिली, धावत जाऊन गाडीचा मागचा पडदा उचलला आणि आत पिस्तूल झाडले. बाळकृष्ण थोडा मागे राहिला होता. त्याने पाठोपाठच्या गाडीवर गोळी घातली आणि त्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ससून रुग्णालयात अकरा दिवस झुंजला आणि ३ जुलै रोजी मरण पावला. आयर्स्ट हा प्लेग समितीचा कोणी नव्हता. सूड घ्यायला निघालेल्या गोळीला गाड्यांमधला फरक कळत नाही, एवढेच याबाबत म्हणता येते.

मारेकरी कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च शहराच्या माथी मारण्यात आला. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून अटकेत ठेवले. २७ जुलै रोजी टिळकांना पकडले आणि सप्टेंबरात केसरीतील लेखनाबद्दल दीड वर्षाची शिक्षा ठोठावली. मुंबईहून आलेला ब्रुइन हा गुप्त पोलिसांचा अधिकारी तपास करीत होता. धमकावण्या झाल्या, झडत्या झाल्या, पण पुणे बोलेना. आणि या सर्वांबरोबर सरकारने आणखी एक अस्त्र बाहेर काढले होते. मारेकऱ्याची माहिती देणाऱ्यास वीस हजार रुपयांचे इनाम!

महिना दहा-पंधरा रुपयांत कारकुनाचे घर चालण्याचे ते दिवस. वीस हजार म्हणजे पिढ्यांची ददात मिटवणारी रक्कम. जे काम शिपायांच्या बंदुकांनी आणि कायद्याच्या कलमांनी झाले नाही ते या आकड्याने केले. इनामाच्या युक्तीचे मर्म असे, की ते शूराला उद्देशून नसतेच. ते उद्देशून असते जवळच्याला आणि नडलेल्याला. जवळच्याला माहिती असते, नडलेल्याला गरज असते. आणि ज्याच्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात तो माणूस सरकारला हवा असतो. पुण्यात असा माणूस निघाला. त्याचे नाव गणेश शंकर द्रविड.

गणेश द्रविड त्या वेळी स्वतः तुरुंगात होता. फसवणुकीच्या एका प्रकरणात त्याला शिक्षा झाली होती. त्याची आणि त्याच्या भावाची, रामचंद्र याची, चापेकरांशी ओळख होती. या भावांच्या मंडळात काय चालते, ते काय बोलतात, हे त्यांना ठाऊक होते. तुरुंगातून सुटका आणि वर वीस हजार रुपये! द्रविडाने ब्रुइनला चापेकरांचे नाव सांगितले. त्या परदेशी मालिकेतला शिकारी निदान अनोळखी माणसाचे दार ठोठावतो. येथे शिकाऱ्याला दार शोधावे लागले नाही. ते त्याच्या ओळखीचेच होते.

दामोदरपंतांना मुंबईत अटक झाली. ८ ऑक्टोबर १८९७ रोजी त्यांनी दंडाधिकाऱ्यापुढे आपले कृत्य सांगितले. राणीच्या पुतळ्याचा उलगडाही तेव्हाच झाला. पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला आणि ३ फेब्रुवारी १८९८ रोजी फाशीची शिक्षा झाली. टिळक त्या वेळी येरवड्याच्याच तुरुंगात होते. त्यांनी दामोदरपंतांना गीतेची प्रत दिली आणि ती हातात घेऊनच ते वधस्तंभाकडे गेले, असे सांगतात. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे होते. वडिलांच्या कीर्तनात ज्याने मृत्यूला न भिणाऱ्यांची आख्याने साथीला उभे राहून ऐकली, त्याने स्वतःचे आख्यानही न डगमगता पुरे केले.

बाळकृष्ण निसटला होता. निजामाच्या मुलखात, रानावनात तो लपत राहिला आणि जानेवारी १८९९ मध्ये पकडला गेला. घरी उरला होता धाकटा वासुदेव, वीस वर्षांच्या आतबाहेरचा. पोलिसांची त्याच्यावर पाळत होती आणि त्याला वेळोवेळी हजेरी द्यावी लागे. एक भाऊ फासावर गेला, दुसरा त्याच वाटेवर, आणि ज्यांनी हे घडवले ते त्याच शहरात, सदाशिव पेठेत राहत होते.

८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री द्रविडांच्या दाराशी पंजाबी वेषातले दोघे जण आले. ब्रुइन साहेबांनी ताबडतोब बोलावले आहे, असा निरोप त्यांनी हिंदीत दिला. साहेबाचे बोलावणे म्हणताच दोघे द्रविड बंधू घराबाहेर पडले. गल्लीत काही पावले गेल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोघेही वाचले नाहीत. निरोप घेऊन आलेले ते दोघे म्हणजे वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव विनायक रानडे. (न्यायमूर्ती रानडे यांच्याशी या तरुणाचा केवळ नामसाम्याचा संबंध.) त्यांच्या बेतात खंडो विष्णू साठे नावाचा कोवळा मुलगाही सामील होता. हे तरुण लगेच पकडले गेले. पोलीस चौकशीतही वासुदेवाने एका हवालदारावर पिस्तूल झाडण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

पुढचे निकाल लवकर लागले. वासुदेवाला ८ मे १८९९ रोजी, रानड्याला १० मे रोजी आणि बाळकृष्णाला १२ मे रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. पाच दिवसांत तीन. साठे लहान म्हणून फाशीतून सुटला, त्याला दहा वर्षे सक्तमजुरी झाली. हरिपंत चापेकरांच्या कीर्तनात मागे उभे राहणारे तिघेही मुलगे तेरा महिन्यांच्या आत गेले. १९०२ साली भगिनी निवेदिता या मुलांच्या आईचे सांत्वन करायला गेल्या आणि त्या माउलीची शांत वृत्ती पाहून स्वतःच थक्क होऊन परतल्या, अशी आठवण सांगितली जाते. खरे-खोटे काहीही असो, तीन विधवा सुना ज्या घरात होत्या त्या घरातल्या शांततेचे वजन किती असेल याची कल्पना कोणी करावी?

आता या इनामाचा हिशेब मांडून पाहू. रँड आणि आयर्स्ट. तिघे चापेकर. एक रानडे. आणि दोघे द्रविड. आठ माणसे गेली. वीस हजारांच्या आकड्याने सरकारला एक गुन्हेगार मिळवून दिला. परंतु ज्यांनी तो आकडा हाती धरला त्यांना तो पचला नाही, आणि ज्या दहशतीसाठी हे सारे केले ती दहशत बसण्याऐवजी उलटच घडले. नाशिकजवळच्या भगूर गावात सावरकर नावाच्या शाळकरी मुलाने चापेकर-रानड्यांच्या फाशीची बातमी वाचून कुलदेवतेपुढे शपथ घेतली. पुढे १९१८ साली सरकारच्या रौलट समितीने हिंदुस्थानातील क्रांतिकारक चळवळींचा अहवाल तयार केला तेव्हा त्याचा आरंभ तिला चापेकरांपासूनच करावा लागला.

द्रविड बंधूंविषयी लिहिताना आपल्याकडे एकच शब्द वापरण्याची रीत आहे. तो शब्द मी मुद्दाम येथे वापरत नाही. ते निर्दोष होते असे मला म्हणायचे नाही. मित्राच्या मानेची किंमत घेणे ही गोष्ट कोणत्याही काळात वाईटच. पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. खुनाची माहिती पोलिसांना देणे हे एरवी आपण कर्तव्य मानतो. उद्या आपल्याच वस्तीत एखाद्या गरिबाचा खून झाला आणि कोणी धैर्याने खुन्याचे नाव सांगितले, तर आपण त्याचा सत्कार करू. मग द्रविडांच्या कृत्याची चीड का येते? मला वाटते, त्याचे कारण त्या दोन सरकारांत आहे. ज्या राज्यात गोखल्यांसारख्या सज्जनाची फिर्याद ऐकली जात नाही आणि पीडित बाईला साक्ष द्यायला जागा नसते, त्या राज्याला न्यायाच्या नावाने माहिती विकत घेण्याचा हक्क उरत नाही. आणि हेही तितकेच खरे, की दोन माणसांना निरोपाच्या निमित्ताने घराबाहेर काढून अंधारात मारणे हाही न्याय नव्हे. दोन्ही बाजूंनी न्यायाची जागा मोकळी पडली, आणि मोकळ्या जागेत सूड येऊन बसला. आपण स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत. ती जागा पुन्हा मोकळी पडू नये हे पाहणे आपल्यावर आहे. आजही फरारी माणसांवर इनामे जाहीर होतात. ती वाचताना आकड्याआधी हा प्रश्न विचारावा, की पकडलेल्या माणसाला आणि ज्याचे नुकसान झाले त्याला, दोघांनाही दाद मिळेल असे न्यायालय पुढे उभे आहे ना?

चापेकरांचे चिंचवडातले राहते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. या कथेवर १९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी २२ जून १८९७ याच नावाचा चित्रपट काढला. २०१८ साली दामोदरपंतांचे टपाल तिकीटही निघाले. आपले गाव मात्र ओळखू येणार नाही इतके बदलले. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आला, मग यंत्रांचे, मोटारींचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांची रांग संग्रामदुर्गाच्या चाकणपर्यंत पोचली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेली माणसे या चौकातून जातात. कीर्तनाच्या दक्षिणेवर घर चालवणाऱ्या हरिपंतांना त्यांची ओढाताण बरोबर समजली असती.

हा लेख लिहून झाल्यावर एका सकाळी मी चौकात मुद्दाम थोडा लवकर गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून त्या पुतळ्यांकडे नीट पाहिले. शेजारी भिंतीवर मोबाईलची जाहिरात होती आणि तिच्यावर किंमत लिहिली होती ती जवळपास वीस हजारांचीच. आज एवढ्या पैशांत एक बरा फोन येतो. तेव्हा एवढ्या पैशांत मित्राचे नाव मिळाले. एवढ्यात चाकणची गाडी आली. माझ्या वर्गातला एक मित्र, जो रात्रपाळी करून सकाळी तासाला बसतो, तो तीतून उतरला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या नजरेच्या रोखाने वर पाहिले आणि हे कोण म्हणून विचारले. पहिल्या तासाची वेळ होत आली होती. चालता चालता मी त्याला सांगायला सुरुवात केली.